गावच्या घराची वई (झुडपांचं कुंपण) माजली आहे : कधी कापू, किती कापू?

सड्यावरचा | 9 मे 2025, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. घर देवगड तालुक्यात, समुद्र चालत दहा मिनिटांवर. आम्ही राहतो डोंबिवलीला, म्हणजे गावाला जाणं वर्षातून दोनदा, मे महिना आणि गणपती. आजी होती तोवर वई तिच्या कोयतीच्या धाकात होती. ती जाऊन सहा वर्षं झाली आणि तेव्हापासून कोणीच नीट हात लावलेला नाही.

आता परिस्थिती अशी. पाणंदीच्या (अरुंद वाटेच्या) कडेने चिऱ्यांचा बुटका गडगा (दगडी बांध), त्याला लागून साधारण साठ फूट वई. निम्मी लाल गावठी जास्वंद, निम्मी कोयनेल (कुंपणाला लावतात ते झुडूप), मध्ये कुठे कुठे आपोआप उगवलेलं काय काय. उंची माझ्या डोक्यावर हात उंच केला तरी वर उरेल इतकी. पाणंदीत एवढी झुकली आहे की रिक्षावाला आत यायला नाही म्हणतो. गंमत म्हणजे बाहेरून हिरवीगार दिसते, पण आत हात घातला की नुसत्या कोरड्या काटक्या. खालचे दोन-अडीच फूट तर पूर्ण उघडे, कोंबड्या आरपार जातात.

गेल्या वर्षी एकाला पैसे देऊन कापून घेतली. तो गवत कापायचं मशीन घेऊन आला, वरून एक हात फिरवला आणि गेला. वरती छत्री तयार झाली, खालचं आणखी मेलं.

17 ते 25 मे गावी आहे. तेवढ्यात सगळी गुडघ्यापर्यंत कापून टाकावी असा विचार आहे. मरणार तर नाही ना?

बाबल्या | 9 मे, रात्री 11:15

मरता कसली! जास्वंद आनि कोयनेल, दोनय निर्लज्ज झाडां. पन तुमी मुंबयकार येतास मे म्हयन्यात आनि सगळा एका दिवसात करूक बघतास, थय चुकता. वंय कापूची ती मिरगाक, म्हंजे मृग नक्षत्राक. आमचो आजो मिरगाचो पयलो पाऊस पडलो काय कोयतो घेवन भायर.

सड्यावरचा | 9 मे, रात्री 11:22

बाबल्याशेट, मिरगाला मी डोंबिवली-ठाणे लोकलमध्ये लटकलेला असेन. तोच तर प्रश्न आहे.

आगरातली | 10 मे, सकाळी 7:05

आमचं गुहागरला आगर (नारळ-सुपारीची बाग) आहे, मी स्वतः कापते, म्हणून सांगते. मेच्या मध्यात सगळी पानं काढून टाकलीत तर दोन गोष्टी होतात. इतकी वर्षं सावलीत असलेली जाड खोडं एकदम उन्हात येतात आणि साल भाजते. पश्चिमेकडची बाजू बघा, सालीला भेगा पडतात आणि मग त्यातून कीड आत शिरते. दुसरं म्हणजे पंधरा दिवसांत कोवळे फुटवे येतात आणि विहिरीने तळ गाठलेला असतो. सड्यावर माती वीतभर, खाली कातळ. तुम्ही 25 ला निघालात की पाणी कोण घालणार?

सुट्टी आठवडाभर पुढे ढकलता येत असेल तर ढकला. रोहिणी नक्षत्र लागतं 25 मेला, मृग 8 जूनला. या दोहोंच्या मधलं कापणं सर्वांत बरं. फुटवे येईपर्यंत पाऊस आलेला असतो.

सड्यावरचा | 10 मे, सकाळी 9:30

रजा मंजूर झाली आहे, आता बदलली तर पुढची थेट पुढच्या जन्मी.

कलमवाला | 10 मे, दुपारी 3:10

मी दापोलीला कृषी विद्यापीठात शिकलो, आता घरची रोपवाटिका आहे. थोडं सविस्तर लिहितो, कारण "मरते का" यापेक्षा "कशी कापली तर दाट होते" हा खरा प्रश्न आहे.

तुमची वई आतून का वाळली? वरचा भाग रुंद होत गेला, त्याने खालचं ऊन अडवलं. ज्या फांदीला ऊन नाही ती पान टाकते, मग वाळते. त्यामुळे नुसती उंची कमी करून उपयोग नाही, आकार बदलायला हवा. वई खाली रुंद आणि वर निमुळती हवी. उलट्या घमेल्यासारखी. तळाला तीन फूट असेल तर माथ्याला दोन. एवढ्याने खालच्या पानांना ऊन मिळतं.

आता किती कापायचं. जास्वंद आणि कोयनेल जुन्या लाकडातूनही फुटतात, त्यामुळे बाबल्या म्हणतात ते खरं आहे. तरी साठ फूट वई एकदम गुडघ्याला आणू नका. जुनं झाड, उथळ माती, समुद्राचा खारा वारा आणि पाहायला कोणी नाही, असे सगळे योग एकत्र आलेत. दोन वर्षांत करा. यंदा उंची उतरवा आणि पाणंदीकडची बाजू थेट खोडाजवळ घ्या. घराकडची बाजू तशीच राहू दे. त्या पानांवर झाड जगेल, मुळांना अन्न जाईल, आणि राहिलेल्या बाजूची थोडी सावली कापलेल्या खोडांना मिळेल. पुढच्या वर्षी बाजू बदला. तुम्हाला वई पाच फूट हवी असेल तर यंदा चार-सव्वाचारला आणा, कारण वरचा पाऊण-एक फूट नव्या फुटीने भरायचा असतो. नेमकी पाचला कापलीत तर सहाला जाऊन दाट होईल.

कापताना अंगठ्याएवढ्या फांदीला सिकेटर (छाटणीची कात्री) चालतं, त्याच्यावर घडीची आरी. कोयत्याने जाड फांदी तोडू नका. कोयत्याचा घाव बसतो आणि फांदी स्वतःच्या वजनाने खाली येताना साल सोलत नेते, ती जखम भरत नाही. आरीने आधी खालून थोडा काप, मग थोडं पुढे जाऊन वरून काप, फांदी पडली की उरलेला खुंट शेवटी नीट. डोळ्याच्या (जिथून फूट येते त्या कोंबाच्या) वर अर्धा सेंटिमीटर, किंचित तिरका, म्हणजे पाणी साचत नाही. बाहेर तोंड केलेल्या डोळ्यावर कापलं तर फूट बाहेर येते आणि वईचं पोट भरतं.

जाड कापांना बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप. 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), 100 ग्रॅम कळीचा चुना, 1 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटरमध्ये विरघळवा, मग एकत्र करा. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं नको. त्याच दिवशी वापरा, उद्यावर ठेवू नका.

बाबल्या | 10 मे, संध्याकाळी 6:02

बोर्डो आमका कोणी शिकवूक नको, माडाबागायतवाले आसो आमी. पोफळीक कोळेरोग लागता तेव्हा तांच फवारतत, पातळ करून. पन एक सांगूक इसरलात. लखलखीत कोयती घेवन त्या पान्यात बुडवची. कोयती तांबूस झाली तर चुनो कमी पडलो, आनि थोडो टाकूचो. नाय तर पाला जळता.

कलमवाला | 10 मे, संध्याकाळी 6:20

बरोबर. आम्ही कॉलेजात लिटमस वापरायचो, आज्या कोयती वापरायच्या. उत्तर एकच.

पाखरू | 11 मे, सकाळी 8:45

कृपया कापण्याआधी वई नीट तपासा. मे महिना म्हणजे बुलबुलांच्या घरट्यांचा हंगाम. जास्वंदीच्या दुबेळक्यात (दोन फांद्यांच्या बेचक्यात) वाटीसारखं घरटं असतं, लालबुड्या किंवा शिपाई बुलबुलाचं. शिंप्याचं घरटं तर दिसतच नाही, दोन पानं टाचून त्यात असतं. कापताना अचानक एखादी जोडी डोक्याभोवती ओरडायला लागली तर थांबा. अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत महिनाभर लागतो, तेवढा चार फुटांचा तुकडा सोडून दिलात तर वईला काही होत नाही.

आगरातली | 11 मे, सकाळी 9:10

आणि पक्ष्यांआधी पायाखाली बघा. चिऱ्यांच्या गडग्याच्या कपारीत फुरसं (विषारी साप) असतं. आमच्याकडे एका गड्याला पाला गोळा करताना चावलं होतं, वाचला कारण लगेच सरकारी दवाखान्यात नेलं. गमबूट घाला, काठीने आधी पाला हलवा, उघड्या हाताने ओढू नका. वईवर खाजकुयलीच्या वाळक्या शेंगा लोंबत असतील तर त्या सर्वांत आधी, ओल्या फडक्यात धरून, वारा नसताना काढा. एकदा ते कूस अंगावर उडालं की दिवस संपला.

टोपीवाले_काका | 11 मे, दुपारी 1:30

हुमले विसरलात सगळे. तांबड्या मुंग्यांचं पानांचं घरटं हाताशी फुटलं की पुढचा अर्धा तास बागकाम नसतं, नाच असतो. 🙂

एक शंका. "आपोआप उगवलेलं काय काय" म्हणता त्यात शेर नाही ना? आमच्या बाजूला बऱ्याच वयांमध्ये शेर असतो. हिरव्या पेन्सिली एकमेकींना जोडल्यासारखा, पानं जवळजवळ नाहीत.

सड्यावरचा | 11 मे, दुपारी 2:15

काका, आहे की! बेड्याजवळ (फाटकाजवळ) एक मोठा झुबका आहे. आम्ही लहानपणी त्याला "पेन्सिलीचं झाड"च म्हणायचो.

टोपीवाले_काका | 11 मे, दुपारी 2:40

मग त्याला तुम्ही हात लावू नका, निदान पहिल्याच दिवशी तरी नको. कापला की दुधासारखा चीक उडतो. तो डोळ्यात गेला तर डोळ्याची आग आग होते, दिसेनासं होतं. माझ्या मेहुण्याने बाहीने कपाळ पुसलं, एवढंच निमित्त झालं, आणि त्याच संध्याकाळी डोळ्यांचा डॉक्टर शोधत फिरलो. कापायचाच असेल तर बंद चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि वाऱ्याकडे पाठ. डोळ्यात गेलाच तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार आणि लगेच डॉक्टर.

कलमवाला | 11 मे, दुपारी 3:05

+1. आणि कण्हेर किंवा बिट्टी असेल तर तोडलेला पाला गोठ्याच्या बाजूला टाकू नका, विषारी असतो. जाळूही नका.

पाणंदकर | 12 मे, रात्री 9:50

मी श्रीवर्धनचा. वेगळाच मुद्दा मांडतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे माड, सुपारी, आंबे आडवे झाले. वया मात्र बऱ्याच उभ्या राहिल्या. ज्या दाट आणि बुटक्या होत्या त्यांनी वारा चाळला, ज्या उंच आणि वरजड होत्या त्या मुळांसकट गडग्यावर कोसळल्या आणि गडगाही घेऊन गेल्या. त्यामुळे उंची उतरवायला लावणाऱ्यांशी मी शंभर टक्के सहमत. पण एक करा, वरून गेलेली विजेची तार वईला लागत असेल तर तिथे स्वतः आरी घालू नका. आधी वीजवाल्यांना कळवा. ते येईपर्यंत तुमची सुट्टी संपेल ती गोष्ट वेगळी.

शेंडीफोड | 13 मे, सकाळी 11:20

आमच्याकडे अलिबागला मोरपंखीची वई होती. वरच्याच पद्धतीने खोडापर्यंत घेतली. वर्ष झालं, एक हिरवा ठिपका नाही. सगळे म्हणतात "काही होत नाही", म्हणून लिहितोय.

कलमवाला | 13 मे, सकाळी 11:45

मोरपंखी जास्वंदीसारखी नाही. तिच्या तपकिरी, बिनपानांच्या लाकडातून फूट येत नाही. हिरवा भाग असेल तिथपर्यंतच कापायची, तीही थोडी थोडी. तुमची गेली, काढून टाका. तिच्या जागी कोयनेल लावा, खाऱ्या वाऱ्याला तीच बरी, खाडीकाठाला तर रानात उगवते. कडू असल्याने गुरंही तोंड लावत नाहीत.

सड्यावरचा | 16 मे, रात्री 11:55

उद्या पहाटे निघतोय. सिकेटर, घडीची आरी, गमबूट, मोरचूद सगळं घेतलं. बायको म्हणते, माहेरी जाताना मी एवढी तयारी करत नाही. भेटू 25 नंतर.

सड्यावरचा | 27 मे, रात्री 10:10

घ्या, सांगतो सगळं.

18 आणि 19 तारखेला सकाळी सहा ते नऊ काम केलं. कलमवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे पाणंदीकडची बाजू. पहिल्यांदा आरीने फांदी कापली तेव्हा घाव कसा असतो ते कळलं. गोल, पांढरा, कडेला सालीची हिरवी रेघ, आणि त्यावर पाच मिनिटांत पाण्याचे बारीक थेंब आले. आजी म्हणायची तसं झाड "रडतं". मदतीला वाडीतला एक मुलगा घेतला होता. माझी आरी बघून तो हसला आणि कोयत्याने भराभर तोडत सुटला. तीन झुडपं त्याने केली, तिन्हींची साल वीतवीत सोलली. त्याला थांबवेपर्यंत झालं होतं.

पाखरू, तुमचे आभार. साधारण मध्यावर बुलबुल ओरडायला लागले. फांदी बाजूला केली तर वाटी, तीन अंडी, गुलाबीवर लालसर ठिपके. तिथला पाच-सहा फुटांचा तुकडा सोडला.

आणि मग 20 पासून पाऊस! वळीव असेल म्हणून 21 ला बोर्डो लावली, संध्याकाळी निळं पाणी पाणंदीतून वाहत गेलं. 25 ला निघताना बातमी, मान्सून महाराष्ट्रात दाखल, देवगडपर्यंत पोचला. आमचं देवगड हापूसशिवाय बातमीत आलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हणजे बाबल्याचा मिरग दोन आठवडे आधीच येऊन माझ्या डोक्यावर पडला.

शेराला हात लावला नाही. काका, खूश?

टोपीवाले_काका | 27 मे, रात्री 10:30

प्रसन्न.

आगरातली | 28 मे, सकाळी 6:50

नशीबवान आहात. उन्हाची भीती होती ती गेली, आता बुरशीची आली. बोर्डो धुऊन गेली तर काळजी करू नका, कोणाला तरी उघडीप मिळेल तेव्हा पुन्हा लावायला सांगा. सोललेल्या तीन झुडपांची साल धारदार चाकूने निरोगी भागापर्यंत साफ करायला हवी होती, पण आता ते फोनवरून होणार नाही. शेजारी कोणी आहे का लक्ष ठेवायला?

सड्यावरचा | 28 मे, सकाळी 9:15

शेजारच्या काकू आहेत. त्या फोटो पाठवतात, पण प्रत्येक फोटोत अर्धा त्यांचा अंगठा असतो.

बाबल्या | 28 मे, दुपारी 12:40

शेणखत घालूक सांग तेंका. दोन झुडपांक एक घमेला. बुंध्याक चिकटवन नको, वाळवी लागता.

सड्यावरचा | 4 सप्टेंबर, रात्री 9:30

गणपती करून परत आलो. यंदा गणपती लवकर, 27 ऑगस्टलाच, त्यामुळे वईला मध्ये तीनच महिने मिळाले.

पाणंदीकडची बाजू बघून मी खरोखर थांबलो. प्रत्येक कापाखाली चार-चार, पाच-पाच फुटवे, अगदी खालून. कोंबड्या आता आरपार जात नाहीत, उड्या मारून जातात. फुटवे मात्र लांब आणि लेचेपेचे आहेत, हाताने दाबले तर वाकतात. कोयनेल जास्वंदीपेक्षा जास्त जोरात आहे. पाणंदीच्या बाजूला फूल एकही नाही. घराकडची न कापलेली बाजू आणि बुलबुलांचा तुकडा होता म्हणून पूजेला लाल जास्वंद मिळाली, नाहीतर आई माझ्याशी बोलली नसती.

कोयत्याने तोडलेल्या तिघांपैकी दोन गेली. बुंध्याला नख लावलं की साल ओल्या पुठ्ठ्यासारखी निघते, आत काळं. तिसरं अर्धं जिवंत आहे.

दोन प्रश्न. आता घराकडची बाजू कापू का? दोन माणसं तयार आहेत. आणि दोन मोकळ्या जागांचं काय करू?

कलमवाला | 4 सप्टेंबर, रात्री 10:05

घराकडची बाजू अजिबात नको, पुढच्या मेपर्यंत तिला हात लावू नका. आता कापली तर पाऊस संपेपर्यंत जेमतेम फूट येईल आणि ऑक्टोबरच्या कडक उन्हात कोवळी सापडेल. शिवाय नवीन बाजू अजून स्वतःच्या पायावर उभी नाही.

लांब फुटवे मात्र आत्ताच खुडा. अडीच महिने ढगात वाढलेत म्हणून लेचेपेचे आहेत. प्रत्येक फुटव्याचा वरचा तिसरा भाग काढा. कात्रीही नको, बोटांनी मोडतो. एका फुटव्याचे तीन होतील, तीच तुमची वई. हे काम काकूंच्या हातचंही आहे.

आगरातली | 4 सप्टेंबर, रात्री 10:20

पिठ्या ढेकूण बघितलात का? कोवळ्या जास्वंदीवर शेंड्याला पांढरा कापूस दिसला तर तेवढाच शेंडा तोडून पिशवीत भरा, खाली टाकू नका. मुंग्या चढत असतील तर तो आहेच समजा.

पाणंदकर | 4 सप्टेंबर, रात्री 10:45

मोकळ्या जागी गिरिपुष्पाचे दांडे टोचा. मनगटाएवढा दांडा मातीत गेला की रुजतो, आणि दरवर्षी टाळ (पाल्याच्या फांद्या) तोडून शेतात चिखलणीत घालता येतो.

कलमवाला | 5 सप्टेंबर, सकाळी 8:00

गिरिपुष्प चांगलं, पण पाच फुटांच्या जास्वंदीत ते लवकर पंधरा फुटांवर जाईल आणि पुन्हा वरून छत्री होईल. तिथे जास्वंदच लावा, तुमच्याच झाडाची. पेन्सिलीएवढ्या जाडीची, आठ-नऊ इंचाची काडी, खालची पानं काढून, निम्मी मातीत. अजून हस्ताचा पाऊस आहे, रुजेल. मेलेल्याची मुळं काढून, माती बदलून लावा, एका जागी तीन-चार काड्या. सगळ्या रुजत नाहीत.

बाबल्या | 5 सप्टेंबर, सकाळी 8:25

आनि त्या कोयतेवाल्या पोराक दोन झाडांची किंमत वजा करून पैशे दिलास काय?

सड्यावरचा | 5 सप्टेंबर, दुपारी 1:50

बाबल्याशेट, त्याला उलट जास्त दिले, खाजकुयली त्यानेच काढली होती.

काकूंना फोन केला, काड्या लावायला सांगायला. त्या म्हणाल्या, "गौरी विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी लावल्यात. चार इथे, चार तिथे. शेंडेपण खुडलेत." मला कोणी विचारलं नव्हतं. काड्या कुठल्या झाडाच्या घेतल्या विचारलं तर म्हणाल्या, "तुझ्या आजीच्याच. तिने आमच्याकडे लावलेली आहे ना."